वाळीत टाकणं चालतं कसं आणि मोडतं कसं

वाळीत टाकल्याचा हुकूम सहसा कागदावर येत नाही, तो रोजच्या व्यवहारातून कळत जातो. नाशिक जिल्ह्यातलं कुठलंही मध्यम वस्तीचं गाव डोळ्यासमोर आणा. सकाळी दळण घेऊन गेलेल्या बाईला गिरणीवाला सांगतो, "पट्टा तुटलाय, उद्या बघू." तिच्या मागून आलेल्या बाईचं दळण मात्र उतरवून घेतो. दूध संकलन केंद्रावर कॅन तसाच ठेवून देतात. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या ऐन तोंडावर ठरलेली मजुरांची टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते. विहिरीच्या पाण्याच्या पाळीत नाव मागे सरकतं. अखंड हरिनाम सप्ताहाची वर्गणी गोळा करणारी पोरं घर ओलांडून पुढे जातात, किंवा आधी घेतलेली पावती परत मागतात. घरात मयत झालं तर तिरडी बांधायला माणूस मिळत नाही.

सुटं पाहिलं तर यातल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी निमित्त असतं. म्हणूनच तक्रार घेऊन गेलेलं कुटुंब पोलीस ठाण्यात रडगाणं गाणारं वाटतं. गिरणीचा पट्टा खरंच तुटलेला असू शकतो, टोळीला खरंच जास्त मजुरी मिळालेली असू शकते. पण पंधरा दिवसांत सगळ्यांचीच निमित्तं एका घराभोवती गोळा झाली, तर तो योगायोग राहत नाही.

राजकारण, धर्म आणि मूल्यं मिळून समाज घडवतात असं आपण सहज म्हणतो. हे तिन्ही एका वेळी, एका घरावर, कसे काम करतात हे बघायचं असेल तर सामाजिक बहिष्काराइतकं स्पष्ट दुसरं उदाहरण नाही. म्हणून इथे सिद्धांतापेक्षा ही यंत्रणा उलगडून बघू, आणि ती बंद पाडायला आज हातात काय आहे तेही.

गावातली चांगली माणसं यात का सामील होतात

बहिष्काराची खरी ताकद मूळ शिक्षेत नसते. "या घराशी जो बोलेल, जो देवघेव करील, त्यालाही तोच दंड" या पुढच्या वाक्यात ती असते. गिरणीवाल्याचं त्या कुटुंबाशी काहीच वाकडं नसतं. पण दळण दिलं तर त्याच्या लेकीच्या लग्नात पंगतीला कोण बसेल, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. पहारा ठेवायला पंचांना माणसं लागत नाहीत, कारण प्रत्येक घर शेजारच्या घरावर आपोआप लक्ष ठेवतं. पंच पाच-सात असतात, बहिष्कार मात्र सगळा समाज पाळतो.

समाज जितका लहान, तितकी ही पकड घट्ट. बेटीव्यवहार काहीशे कुटुंबांतच होत असेल, तर वाळीत पडणं म्हणजे मुलामुलींची लग्नं थांबणं. रोटीव्यवहार तुटला तर शहरात जाऊन हॉटेलात जेवता येतं. सोयरीक तुटली तर पर्याय नसतो. त्यामुळे शिकलेली, नोकरी असलेली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पगार घेणारी माणसंसुद्धा पंचांपुढे हात जोडून उभी राहतात. याला अज्ञान म्हणून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. ही माणसं आपला नफातोटा नीट ओळखून असतात, आणि मोडायची असते ती नेमकी तोट्याची भीती.

इथे मूल्यं येतात. इज्जत, वडीलधाऱ्यांचा मान, दिलेला शब्द, भावकीची एकी या गोष्टी वाईट नाहीत. याच मूल्यांवर अडीनडीला गाव मदतीला धावतं. पण पंचांच्या बैठकीत त्यांचा अर्थ आक्रसतो. इज्जत घरातल्या मुलीने कोणाशी लग्न केलं एवढ्यावर येऊन थांबते, आणि वडीलधाऱ्यांचा मान राखायचा म्हणजे पंचांना हिशेब विचारायचा नाही. गोळा झालेल्या दंडाचं काय झालं, हे विचारणारा माणूसच पुढचा आरोपी ठरतो.

धर्म या सगळ्याला वजन देतो. देवाची शपथ, कुळदैवताचा कोप, जातीत परत घेताना करायचं शुद्धीकरण, समाजाला घालायचं जेवण, या विधींमुळे पाच माणसांचा निर्णय दैवी वाटू लागतो. आपल्या जिल्ह्यात मात्र याच धर्माची दुसरी बाजू फार जवळ उभी आहे. त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे राज्यभरातून दिंड्या येतात. परंपरा सांगते की संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकलं, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी मुलांच्या मुंजी नाकारल्या गेल्या आणि शुद्धिपत्रासाठी त्या चार भावंडांना पैठणला जावं लागलं. ज्यांच्या समाधीपुढे लाखो लोक डोकं टेकवतात, ते बहिष्कृत घरातले थोरले भाऊ होते. "धर्मात असंच असतं" असं कोणी म्हणालं तर वारकरी गावात याहून थेट उत्तर नाही.

राजकारणाचा वाटा मतांचा. ज्या पंचांच्या शब्दावर समाज चालतो, त्यांच्या शब्दावर मतदानही होतं अशी समजूत असते. त्यामुळे पॅनेल कुठलंही असो, ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत कुणालाच त्यांना दुखवायचं नसतं. कधी तर निवडणूक हेच बहिष्काराचं कारण असतं: दुसऱ्या पॅनेलचा प्रचार केला, फॉर्म मागे घेतला नाही, म्हणून घर वाळीत. पण बहिष्कार पहिल्यांदा गुन्हा ठरला तोही राजकारणातूनच, आणि त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा नाशिकमध्येच आहे.

काळाराम मंदिराचा दरवाजा आणि गावोगावची दुकानं

2 मार्च 1930 रोजी पंचवटीतल्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातले भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड, सत्याग्रह समितीचे सचिव होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले, सत्याग्रही दारांपुढे बसले, त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. एवढं शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना माहीत असतं.

त्याच्या मागची गोष्ट कमी सांगितली जाते. सत्याग्रहाचा राग शहरापेक्षा खेड्यांत निघाला. जिल्ह्यातल्या गावांमध्ये अस्पृश्यांची मुलं शाळेतून काढली गेली, रस्ते बंद झाले, बाजारात मीठमिरची देणं थांबलं. देवळात जाण्याचा हक्क मागितला नाशिकमध्ये, किंमत मोजली सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या वाडीने. शेतमजुरी आणि गावचा बाजार ज्यांच्या हातात, त्यांच्या हातात शिक्षाही होती.

बहिष्कार हे मारहाणीपेक्षा प्रभावी हत्यार आहे, कारण मारहाण निदान कायद्याने गुन्हा ठरते, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखलं होतं. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. तिच्या 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्काराच्या दहशतीची स्पष्ट नोंद आहे. पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती. त्यासाठी नमुना घेतला होता ब्रह्मदेशातल्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. घर-जमीन वापरू न देणं, मजुरीला न घेणं, नेहमीचा व्यवहार तोडणं, आणि असं करायला दुसऱ्याला चिथावणं या कृती त्यात मोजून दिल्या होत्या. आजचे कायदे वाचताना हीच यादी पुन्हा भेटते.

सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षं चालला. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि मंदिरप्रवेशात आता शक्ती खर्च करू नये असंही सुचवलं.

कायदा आला, पडला, पुन्हा आला

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 मध्ये समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. कारण सोप्या भाषेत असं: घटनेचं 26 वं कलम धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः चालवायची मुभा देतं. धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढणं हा त्या व्यवहाराचा भाग आहे, असं बहुमताचं मत पडलं. तेव्हाचे सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत वेगळं होतं. बहिष्काराने माणसाचे नागरी हक्कच हिरावले जातात, तेव्हा सरकारला हात घालता आला पाहिजे, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. मला त्यांची बाजू पटते. घटनेचं 25 वं कलम धर्मस्वातंत्र्य देतानाच त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांची चौकट घालतं, आणि समाजसुधारणेचे कायदे करायची वाट मोकळी ठेवतं. ज्याच्या घरी मयताला खांदा मिळत नाही, त्याच्या बाबतीत प्रश्न केवळ पूजेच्या पद्धतीचा उरत नाही.

पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्रात एखाद्या समाजाने स्वतःच्याच माणसाला वाळीत टाकलं तर त्यासाठी नेमका कायदाच नव्हता. 2013 मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या एका गर्भवती तरुणीचा खून झाला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नाशिकमधूनच जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तरी मोहीम थांबली नाही. वेगवेगळ्या समाजांतली माणसं नाव लावून तक्रारी करू लागली. एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै 2017 पासून तो लागू आहे.

1962 च्या निकालाचा फेरविचार अजून मोठ्या पीठाच्या हातात आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायाधीशांनी तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. पण 2016 चा कायदा लागू आहे, आणि "हे प्रकरण कोर्टात आहे, गुन्हा घेता येत नाही" असं कोणी सांगितलं तर ते ऐकून परत फिरू नका.

आपल्या प्रकरणाला कोणता कायदा

इथे गफलत झाली की पुढचं सगळं घसरतं. प्रश्न एकच विचारायचा: बहिष्कार कोणी, कोणावर टाकला?

आपल्याच जातीच्या, पोटजातीच्या किंवा धर्मसमुदायाच्या लोकांनी टाकला असेल तर 2016 चा कायदा. पंचायत नोंदणीकृत आहे की नाही, तिला जातपंचायत म्हणतात की गावकी की समाजमंडळ, याने फरक पडत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणारा आणि चिथावणारा हेही त्यात सापडतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय नोंदवता येतो. जामीनपात्रही आहे. धार्मिक कार्यापासून रोखणं, लग्न किंवा अंत्यविधी होऊ न देणं, समाजमंदिर वा स्मशानभूमी नाकारणं, धंद्याचे संबंध तोडायला लावणं, मुलांना एकत्र खेळू न देणं, कपडे किंवा भाषेवरून अडवणं, राजकीय कल किंवा लैंगिकतेवरून भेदभाव करणं, अशी बरीच लांब यादी कायद्यात आहे. तुमच्या बाबतीतलं कृत्य तिच्यात कुठे बसतं ते शोधून तक्रारीत तेच शब्द वापरा.

अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबावर अनुसूचित जाती-जमातीत नसलेल्या लोकांनी बहिष्कार टाकला असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराचं स्वतंत्र कलम आलं: 3(1)(झेडसी). इथे शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, खटला विशेष न्यायालयात चालतो, आणि नियमांत पीडिताला आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. अशा प्रकरणात नुसता 2016 चा कायदा लावून घेतला तर यातलं बरंच हातचं जातं. प्रश्न अस्पृश्यतेचा असेल तर 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदाही जोडता येतो.

पंचांनी धमकावून दंड वसूल केला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 308, म्हणजे खंडणी. हे कलम लावा म्हणून आवर्जून सांगावं लागतं, कारण "समाजाची वर्गणी" या नावाखाली ते निसटतं.

आणि बहिष्कार नसलेल्या गोष्टीही ओळखायला हव्यात. दोन भावांचं बोलणं बंद आहे, एका घराने लग्नाचं आवतण दिलं नाही, उधारी थकली म्हणून दुकानदाराने माल थांबवला, हे भांडण झालं. ठरवून, इतरांना सामील करून तोडलेले संबंध, हा बहिष्कार.

तक्रार कशी लिहायची

बहुतेक तक्रारी एकाच वाक्यावर मार खातात: "आम्हाला समाजाने वाळीत टाकले आहे, तरी न्याय मिळावा." यात तारीख नाही, माणूस नाही, कृत्य नाही. यावर पोलीस जास्तीत जास्त दोन्हीकडच्यांना बोलावून समज देतील.

चालणारी तक्रार अशी असते: "अमुक तारखेला सायंकाळी सातच्या सुमारास मारुती मंदिराच्या सभामंडपात समाजाची बैठक झाली. तीत अमुक यांनी 'या घराशी बोलेल त्याला पाच हजार दंड' असे जाहीर केले. अमुक आणि अमुक यांनी हात वर करून संमती दिली. अमुक, अमुक तिथे हजर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझी पत्नी गव्हाचे दहा किलो दळण घेऊन गेली असता गिरणीचालकाने 'पंचांनी सांगितलंय, माझा नाइलाज आहे' असे म्हणून ते परत केले. त्याच आठवड्यात सप्ताहासाठी दिलेली पाचशे रुपये वर्गणी अमुक यांनी घरी आणून परत केली." बैठक, तिथला शब्द, आणि त्यानंतरचे नकार, ही साखळी जुळली की निमित्तांची आड संपते. गिरणीवाल्यालाच आरोपी करायची घाई करू नका. पंचांचं नाव घेऊन नकार देणारा माणूस हा तुमचा सर्वांत मोलाचा साक्षीदार असतो.

यासाठी पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवायची. तारीख, वेळ, ठिकाण, कोण, काय म्हणालं, कोणी ऐकलं. पान फाडायचं नाही, मागाहून मजकूर घुसडायचा नाही. दंड भरला असेल तर रक्कम, कोणाच्या हातात, कोणासमोर. मुद्रांकावर माफीनामा लिहून घेतला असेल तर त्याचा फोटो तरी मिळवा. व्हॉट्सअॅप गटातून काढून टाकलं असेल, गटात सूचना फिरली असेल, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. मूळ मोबाइल जपा, विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. हे काम वकिलाकडून वेळेत करून घ्या, नाहीतर खटला उभा राहिल्यावर चांगला पुरावा बाहेर राहतो. तुम्ही स्वतः हजर असलेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंगही न्यायालयापुढे ठेवता येतं.

तक्रार ठाण्यात द्या आणि पोच घ्या. गुन्हा नोंदला गेला तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातल्या गुन्ह्यांत ठाणेदाराला उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. त्यामुळे पहिल्याच दिवशी गुन्हा नोंदला नाही म्हणून हताश होऊ नका, पण पंधराव्या दिवशी पुन्हा उभे राहा. नकारच मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली तक्रार लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांना पाठवायची. खेड्यापाड्यांसाठी ते नाशिक ग्रामीणचे अधीक्षक. पंचवटी, सातपूर, नाशिकरोड असा शहराचा भाग असेल तर पोलीस आयुक्तालय. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथेही दाद नाही मिळाली तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) चा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. आधी ठाणं, मग अधीक्षक, मग न्यायालय ही पायरी चुकली तर अर्ज त्याच कारणावरून परत येऊ शकतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतवाहिनी 15100.

बैठक अजून व्हायची आहे आणि तुम्हाला आधी कुणकुण लागली, तर त्याहून चांगलं. बहिष्कारासाठी जमणाऱ्या बैठकीवर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना मनाई आदेश काढता येतो. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली तहसीलदार पंचांकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊ शकतात. या बंधपत्राला लोक कमी लेखतात. पण तहसीलदारांसमोर सही करून आलेला पंच पुढच्या बैठकीत पहिल्यासारखा बोलत नाही.

फिसकटतं कुठे

सर्वांत जास्त प्रकरणं वेळेत मरतात. "सणापर्यंत बघू, पुढच्या बैठकीत मिटेल" म्हणत वर्ष जातं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत असते. बहिष्कार चालूच असेल तर मुदतीचा हिशेब पुढे सरकतो हे खरं, पण साक्षीदाराची आठवण मुदतीची वाट पाहत नाही.

दुसरी अडचण, दंड भरून मोकळं होणं. कुटुंब थकलेलं असतं, मुलीचं लग्न तोंडावर असतं, पाचपन्नास हजार देऊन जातीत परत यायचं असतं. त्यांना दोष देण्याचा कोणाला अधिकार नाही. एवढंच लक्षात घ्या की पैसे रोखीने, पावतीशिवाय गेले तर पंचांची सत्ता पक्की होते आणि तुमच्याकडे पुरावा उरत नाही.

तिसरी, पोलिसांनी प्रकरण अदखलपात्र म्हणून नोंदवणं. शिवीगाळ, किरकोळ बाचाबाची असं लिहून एनसीची पावती हातात देतात. लोकांना वाटतं गुन्हा नोंदला. पावतीवर 2016 च्या कायद्याचं नाव आहे का ते ठाण्यातच वाचून घ्या. "हा तुमच्या समाजाचा अंतर्गत मामला आहे, तंटामुक्ती समितीत बसून मिटवा" हेही ऐकायला मिळतं. तंटामुक्ती समिती शेताच्या बांधाचा वाद मिटवू शकते. या कायद्याखालचा गुन्हा दाखल झाल्यावर मात्र तडजोड पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच होते.

खटला चालू असताना जगायचं कसं

2016 च्या कायद्यात आरोपपत्रापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याची अपेक्षा आहे. पण दळण उद्याच लागतं. म्हणून फौजदारी तक्रारीच्या जोडीला सरकारी सेवांचे अर्ज वेगळे करायचे. रेशन नाकारलं तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेकडे अर्ज द्या. तोवर त्याच कार्डावर दुसऱ्या दुकानातून धान्य घेता येतं. अंगणवाडीत मुलाला वेगळं बसवलं तर बालविकास प्रकल्प अधिकारी, शाळेत तसं झालं तर गटशिक्षणाधिकारी. नळाचं पाणी, स्मशानभूमी, समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर गटविकास अधिकारी. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हेच कागद पुढे बहिष्काराचा पुरावा होतात.

बहिष्कार निकालाच्या दिवशी क्वचितच मोडतो. तो मोडतो दोन-तीन घरांनी उघड व्यवहार सुरू केला म्हणजे. दंडाची धमकी एका घराला घाबरवते, पण दहा घरांना एकदम वाळीत टाकायला पंच कचरतात, कारण मग समाजच उरत नाही. त्यामुळे ज्यांना मदत करावीशी वाटते त्यांनी रात्री मागच्या दाराने दूध नेऊन देण्यापेक्षा दिवसाढवळ्या ओट्यावर बसून चहा प्यावा. एकट्याने जमत नसेल तर चार घरांनी आधी आपसांत ठरवून एकाच दिवशी जावं. सप्ताहाच्या कीर्तनकारांना आधी भेटून परिस्थिती सांगितली, तर त्या घराला पंगतीला बोलावण्याचा शब्द ते व्यासपीठावरून देऊ शकतात, आणि त्या शब्दाला गावात पंचांच्या शब्दाहून जास्त मान असतो.

समेटाची वेळ आली तर अटी लेखी हव्यात. बहिष्कार जिथे जाहीर झाला, त्याच ठिकाणी, तितक्याच लोकांसमोर तो मागे घेतल्याचं सांगायचं. घेतलेला दंड बँकेतून परत. व्हॉट्सअॅप गटात पुन्हा नाव. शुद्धीकरण किंवा जेवणाची मागणी नाही. पुन्हा असं होणार नाही यावर पंचांच्या सह्या, नावांसकट. हे सगळं न्यायालयापुढे ठेवून परवानगी मागायची. कायद्याप्रमाणे समेट मान्य करताना न्यायालय आरोपींना समाजसेवा करायला सांगू शकतं. ती त्याच गावात, शाळेत किंवा स्मशानभूमीच्या सफाईसाठी व्हावी अशी विनंती पीडित कुटुंब आपल्या अर्जात करू शकतं.